उन्हाळ्याची सुटी आणि वैद्यकीय संशोधन : शालेय विद्यार्थ्यांसाठी एक पाठ



मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि जून उजाडेपर्यंत आपली मुले मोकळी असतात. मोकळी म्हणजे काय, हे माकणीत वेगळे सांगायला नको. कोणी आईबरोबर शेतात जाते, कोणी ऊसतोडीवरून परतलेल्या घराची डागडुजी करते, कोणी मामाच्या गावी जाते. शहरातील मुले मात्र याच दिवसांत शिबिरांना जातात, प्रयोगशाळा पाहतात, शास्त्रज्ञांना भेटतात. डॉक्टर व्हायचे स्वप्न पाहणारी मुले आपल्याकडेही आहेत. पण डॉक्टर होणे म्हणजे परीक्षा देऊन गुण मिळवणे, एवढाच अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला आहे. रोग का होतो, कोणाला होतो, कशाने थांबतो, हे शोधणारी वैद्यकाची दुसरी बाजू आपल्या मुलांना कोणी दाखवत नाही. ती दाखवावी, आणि शाळकरी वयात उन्हाळ्याच्या सुटीत तिची ओळख कशी करून घेता येईल ते सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

एक जुना कागद

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातील कोणी विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा हा सारा पट्टा हादरला. त्यानंतरच्या महिन्यांत मदत घेऊन माणसे आली, तसेच प्रश्नांचे छापील कागद घेऊनही अनेक पथके आली. आमच्याही दारी एक पथक आले होते. आईचे वय, घरातील माणसे, झोप लागते का, छातीत धडधडते का, असे बरेच विचारले. आईने सगळे सांगितले आणि शेवटी अंगठा दिला. त्या कागदाचे पुढे काय झाले, त्यातून काय कळले, हे सांगायला मात्र कोणी परत आले नाही. आईने पुढे अनेकदा विचारले, "त्या पोरांनी लिहून नेलं, त्याचं काय झालं रं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आईचा तो प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. आपण आजवर मोजले गेलो. आता आपल्या मुलांनी मोजणारे व्हायला हवे, आणि मोजल्यावर परत येऊन सांगणारेही व्हायला हवे.

आपल्याच जिल्ह्यात झालेले मोठे संशोधन

संशोधन म्हणजे पांढरा कोट, परदेश आणि काचेच्या नळ्या, असा अनेकांचा समज असतो. तो दूर करण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. बार्शी आपल्या शेजारीच आहे. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांत कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण नोंदवायचा, असे ते काम होते. ग्रामीण भागातील लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी होय. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या वह्यांवर चालते. खेड्यातील माणूस रुग्णालयात पोहोचतोच असे नाही, म्हणून येथे कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगत गेले आणि नोंदी करत गेले. या नोंदींतून एक गोष्ट ठळकपणे दिसली. खेड्यातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते आणि बऱ्याच जणी फार उशिरा दवाखान्यात येत होत्या.

पुढचा प्रश्न ओघानेच आला. हा रोग लवकर ओळखण्याची कोणती तपासणी खेड्यात खरोखर जीव वाचवते? त्यासाठी १९९९ च्या ऑक्टोबरपासून आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचे डॉ. नेने, फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन आणि टाटा मेमोरियलचे सहकारी यांचे हे काम. गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे हे समूह चार गटांत वाटले. पहिल्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी झाली. तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात आले. चौथ्या गटात वेगळी तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती.

आठ वर्षे या स्त्रियांची माहिती ठेवण्यात आली. २००९ मध्ये निष्कर्ष अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विषाणू-तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ६४ दगावल्या. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या गटात ३९ आणि तपासणी नसलेल्या गटात ८२ निघाले. थोडक्यात, एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींत तसा ठळक फरक या अभ्यासात दिसला नाही.

आज जगभर स्त्रियांच्या या तपासणीबद्दल जे ठरते त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. तिच्यामागे जे पुरावे आहेत, त्यांत आपल्या जिल्ह्यातील शेतात राबणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या आयाबायांनी दिलेला पुरावाही आहे. आमच्या अनेक विद्यार्थ्यांना, एवढेच काय शिक्षकांनाही, ही गोष्ट ठाऊक नसते.

या अभ्यासापासून घ्यावयाचे धडे

विद्यार्थ्यांनी यातून चार गोष्टी लक्षात घ्याव्यात.

१) प्रश्न नेमका असावा. 'कर्करोग का होतो?' हा प्रश्न फार मोठा आहे. 'या तीन तपासण्यांपैकी कोणती मृत्यू कमी करते?' या प्रश्नाचे उत्तर मोजून देता येते.

२) तुलना हवी. नुसते ३४ मृत्यू सांगून काहीच कळत नाही. शेजारी ६४ हा आकडा ठेवला, आणि दोन्ही गट किती मोठे होते हे सांगितले, की अर्थ लागतो.

३) वाटणी आपल्या मर्जीने करू नये. सुधारलेली गावे एका गटात आणि मागासलेली दुसऱ्या गटात घातली असती, तर फरक तपासणीचा की परिस्थितीचा, हे कळले नसते. म्हणून चिठ्ठी.

४) धीर हवा. अभ्यास १९९९ ला सुरू झाला आणि निष्कर्ष २००९ ला आला. त्यातली अनेक वर्षे कोणीतरी दारोदार फिरून नोंदी ठेवत होते.

पाचवी गोष्ट थोडी अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्न पुढे काही डॉक्टरांनी जाहीरपणे विचारला. त्या काळी जिल्ह्यातील नेहमीच्या आरोग्यसेवेत अशी तपासणी नव्हतीच, असा बचाव संशोधकांच्या बाजूने मांडण्यात आला. हा वाद वाचून तरुणांनी आपापले मत बनवावे. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की, आकड्यामागे माणूस असतो. ज्याच्यापासून आपण शिकतो त्याला काय सांगितले, त्याने खरोखर होकार दिला का, आणि त्याला परत काय मिळाले, हे विचारणे हा संशोधनाचाच भाग आहे.

शाळकरी मुलाचा एक उन्हाळा

एवढी मोठी कामे मोठ्यांची, त्यात शाळकरी पोरांचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक परदेशातील उदाहरण देतो. अमेरिकेत बार हार्बर नावाच्या लहान गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे उंदरांवर आनुवंशिकतेचा अभ्यास चालतो आणि सुटीत विद्यार्थ्यांना कामाला घेण्याची जुनी प्रथा आहे. १९५५ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बाल्टिमोर नावाचा शाळकरी मुलगा तेथे गेला. त्याच्यापेक्षा काही वर्षांनी मोठा हॉवर्ड टेमिन हा विद्यार्थीही तेथे होता आणि लहान मुलांना तो मार्गदर्शन करी. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९७० मध्ये दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे एकच शोध लावला. काही विषाणूंजवळ आरएनएवरून डीएनए बनवणारे एक विकर असते, हा तो शोध. १९७५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना, रेनाटो डलबेको यांच्यासह, मिळाले.

या शोधाचा आपल्याशी काय संबंध? २०२० मध्ये करोनाच्या साथीत नाकातील स्राव घेऊन जी 'आरटी-पीसीआर' तपासणी होत असे, तिच्यातील 'आरटी' म्हणजे हेच विकर. एका उन्हाळ्यात शाळकरी मुलाला लागलेली गोडी पुढे कुठवर गेली, हे यावरून दिसेल. प्रत्येक मुलाला नोबेल मिळत नाही, पण गोडी लागायला कोणीतरी दार उघडावे लागते.

आपल्याकडे कोणती दारे आहेत?

प्रथम खरे सांगितले पाहिजे. अमेरिकेसारखी शाळकरी मुलांना वैद्यकीय प्रयोगशाळेत महिना-दोन महिने काम देणारी पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये दोन महिन्यांच्या संशोधनाची विद्यार्थिवृत्ती सुरू केली, पण ती वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी. देशातील विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधनवृत्तीही महाविद्यालयीन मुलांसाठी. म्हणजे ही दारे बारावीनंतर उघडतात. ती आहेत हे आतापासून ठाऊक असावे. शाळेच्या वयात पुढील गोष्टी करता येतात.

१) राष्ट्रीय बालविज्ञान परिषद : भूकंपाच्याच वर्षी, १९९३ मध्ये, हा उपक्रम देशपातळीवर सुरू झाला. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्याच परिसरातील प्रश्न निवडून, मोजमाप करून, जिल्हा पातळीपासून मांडायचा. पाणी, आहार, आरोग्य हे विषय त्यात चालतात. त्या त्या वर्षीची घोषणा शाळेने पाहावी. प्रकल्पाचे काम सुटीतच करून ठेवावे.

२) इन्स्पायर मानक योजना : शाळेमार्फत मुलाची नवी कल्पना पाठवावयाची. निवड झाल्यास नमुना तयार करण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. अर्ज शाळेने भरावयाचा असतो, म्हणून मुख्याध्यापकांकडे पालकांनी आग्रह धरावा.

३) जीवशास्त्र ऑलिंपियाड : नोव्हेंबरच्या सुमारास पहिली परीक्षा होते. टप्प्याटप्प्याने निवडलेल्या थोड्या मुलांचे शिबिर उन्हाळ्यात मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरते. तेथे खरे प्रयोग हाताने करावयास मिळतात. परीक्षा कठीण असते, पण तयारी कधीच वाया जात नाही.

४) इस्रोचा 'युविका' कार्यक्रम : २०१९ मध्ये सुरू झालेला, नववीच्या मुलांसाठी, उन्हाळ्यात सुमारे दोन आठवड्यांचा. विषय अवकाशविज्ञानाचा आहे, वैद्यकाचा नाही. परंतु खर्च इस्रो करते आणि निवडीत ग्रामीण शाळेतील मुलांना जादा गुण असतात, म्हणून आपल्या मुलांनी तो सोडू नये.

५) संशोधन संस्था पाहणे : २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या संस्थांचे दरवाजे नववी ते बारावीच्या मुलांसाठी एका दिवसापुरते उघडले होते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था याच परिषदेची. असा दिवस पुन्हा जाहीर झाल्यास मंडळाने मुलांची सहल काढावी.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' हे नाव आढळते. ती योजना २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. त्याचप्रमाणे हजारो रुपये घेऊन 'संशोधनाचे प्रमाणपत्र' देणाऱ्यांपासून सावध राहावे. मुलाने कोणता प्रश्न घेतला, कोणाच्या देखरेखीखाली, आणि स्वतःच्या हाताने काय मोजले, हे तीन प्रश्न पालकांनी विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर तो कागद केवळ भिंतीवर टांगण्याचा आहे असे समजावे.

माकणीतच करता येईल असा एक अभ्यास

निवड झाली नाही, गाडीभाडे नाही, म्हणून कोणी थांबू नये. खाली दिलेला अभ्यास वही, पेन्सिल आणि बॅटरीवर होतो.

निम्न तेरणेचे धरण आपल्या गावाशी आहे, तरी उन्हाळ्यात घरोघरी पाणी साठवावेच लागते. रांजण, ड्रम, सिमेंटची टाकी, हौद, जनावरांचा हाळ, कूलर, पडलेले टायर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याचा 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्य खाते सांगते. आता आपला प्रश्न असा : आपल्या वस्तीत किती घरांत अळ्या आहेत, आणि चार आठवडे कोरडा दिवस पाळल्यावर त्या कमी होतात का?

पहिली पायरी : प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेवक किंवा आशाताई यांना भेटावे. असे सर्वेक्षण त्या नेहमी करतात. अळी कशी ओळखावी ते त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांच्या देखरेखीखालीच काम करावे.

दुसरी पायरी : घरांची यादी करून ४० घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. ओळखीचीच घरे घेऊ नयेत.

तिसरी पायरी : दारात उभे राहून परवानगी मागावी. "मावशी, आम्ही गावातलीच पोरं आहोत. तुमच्या रांजणात, टाकीत डासाच्या अळ्या आहेत का ते बघायचंय. वहीत तुमचं नाव लिहिणार नाही. नको असेल तर नको म्हणा, आम्हाला राग नाही." मावशी नको म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे जावे.

चौथी पायरी : प्रत्येक भांडे बॅटरीच्या उजेडात पाहावे. किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळ्या, झाकण होते की नव्हते, एवढे लिहावे. घराला फक्त क्रमांक द्यावा.

पाचवी पायरी : हिशेब. समजा ४० घरांतील १६० भांडी पाहिली आणि ६ घरांतील ८ भांड्यांत अळ्या निघाल्या. मग शंभरामागे अळ्या असलेली घरे १५. शंभर भांड्यांमागे अळ्या असलेली भांडी ५. आणि शंभर घरांमागे अळ्यांची भांडी २०. आरोग्य खाते हेच तीन निर्देशांक वापरते.

सहावी पायरी : अळ्या सापडल्या की घरच्यांना त्याच क्षणी दाखवावे आणि भांडे रिकामे करण्यास मदत करावी. तुलनेसाठी म्हणून कोणाच्या घरात अळ्या तशाच राहू द्यायच्या नाहीत. वर सांगितलेला वाद येथे आठवावा.

सातवी पायरी : चार आठवड्यांनी त्याच घरांत पुन्हा मोजणी करावी. आकडा कमी झाला तर लगेच श्रेय घेऊ नये. ऊन वाढले होते का, नळाला पाणी रोज येऊ लागले का, हेही वहीत असावे. निष्कर्ष लिहिताना 'बहुधा' हा शब्द लिहिण्यास लाजू नये. आकडा कमी झाला नाही, तरी तेही तसेच लिहावे. खोटा आकडा लिहिणे ही संशोधनातील सर्वांत मोठी चोरी होय.

एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. विद्यार्थ्यांनी कोणाचे रक्त घेऊ नये, औषध देऊ नये, आजाराची खासगी माहिती विचारू नये. माणसांच्या शरीरावरील संशोधनाला नीतिसमितीची परवानगी लागते, आणि लहान मुलांचा समावेश असेल तर पालकांची संमती व मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही लागते. तो अधिकार शिक्षणाने येतो, घाईने नाही.

मंडळाच्या सभासदांस

मुलांनी एवढे करावे असे वाटत असेल तर मोठ्यांनी थोडा भार उचलला पाहिजे. सुटीत आठवड्यातून दोन सकाळी सभागृह उघडे ठेवावे. वह्या आणि बॅटऱ्या द्याव्यात. मुलींना घरोघर फिरताना एखाद्या जाणत्या बाईंनी सोबत करावी, म्हणजे घरचे लोक आडकाठी करणार नाहीत. धाराशिव किंवा पुण्याला निवड झालेल्या मुलाचे गाडीभाडे मंडळाने सोसावे. सकाळी शेतावर जाणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळची वेळ ठेवावी. वर्गातील हुशार दोघांनाच घेऊन बाकीच्यांना वगळू नये. मोजायला हुशारीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी सभागृहात एक बैठक घ्यावी. ज्या ४० घरांनी दार उघडले त्यांना बोलवावे. मुलांनी मोठ्या अक्षरांत आकडे लिहून भिंतीवर लावावेत आणि आपल्या तोंडाने सांगावे : मावशी, तुमच्या गल्लीत हे सापडले, त्याचा अर्थ असा, आणि आता आपण हे करू.

आमच्या आईचा कागद परत आला नाही. माकणीच्या मुलांनी नेलेला कागद मात्र त्याच घरी परत आला पाहिजे. येत्या उन्हाळ्यात याची सुरुवात व्हावी, अशी आमची मनोमन इच्छा आहे.